नेत्रगोलाची तटबंदी

कलकत्त्याच्या एस्प्लनेडवर उभे राहिले की गाड्यांच्या आणि माणसांच्या गर्दीत त्या नावाचा मूळ अर्थ हरवून जातो. एस्प्लनेड म्हणजे किल्ल्यासमोर मुद्दाम मोकळे ठेवलेले मैदान. १७५६ साली जुना किल्ला पडल्यावर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधला आणि तोफांचा मारा अडू नये म्हणून भोवतालची भूमी मोकळी केली. तट कोठे भक्कम आहे आणि कोठे भेदला जाईल, हा विचार त्यामागे होता. मानवी डोळ्याच्या भिंतीविषयी वैद्यांना हाच विचार फार पूर्वीपासून करावा लागला आहे.

नेत्रगोलाचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर. त्याची भिंत पाठीमागे सुमारे एक मिलिमीटर जाड. पण डोळा फिरवणारे स्नायू जेथे जडलेले असतात, तेथे लगतच ती अवघी ०.३ मिलिमीटर असते. पांढरे श्वेतपटल आणि पुढचे पारदर्शक पारपटल एकाच जातीच्या चिवट तंतूंचे बनलेले. श्वेतपटलात ते तंतू आडवेतिडवे गुंफलेले, तर पारपटलात थरावर थर नेटके रचलेले. अल्प ताणाला ही भिंत नमते. ताण वाढला की ताठरते.

सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूच्या वेधाची एक मार्मिक खूण सांगितली आहे. शलाका योग्य जागी शिरली की आवाज होतो आणि पाण्याचा थेंब बाहेर येतो. आवाज हा चिवट भिंत भेदली गेल्याचा, आणि थेंब हा आतल्या दाबाचा पुरावा. ही शस्त्रक्रिया शतकानुशतके चालत राहिली. १८२६ साली पीटर ब्रेटन यांनी कलकत्त्याच्या वैद्यक संस्थेच्या ग्रंथमालेत तिच्यावर निबंध लिहिला. त्याच सुमारास तंजावरात सरफोजीराजे भोसले यांच्या आश्रयाने नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे ठेवली जात होती.

या क्रियेत मोतीबिंदू काढला जात नसे. तो आत खाली ढकलला जाई. रोग्याला तत्काळ उजेड दिसे, दक्षिणा मिळे, आणि वैद्य पुढच्या गावी जाई. मागे दाह होऊन किंवा दाब वाढून कित्येक डोळे कायमचे विझत. मद्रासचे नेत्रशल्यविशारद रॉबर्ट हेन्री एलियट यांनी असे डोळे तपासून १९१७ साली त्यावर व्याख्याने दिली. याच एलियटांनी १९०९ साली काचबिंदूवर उपाय म्हणून पारपटलाच्या कडेशी श्वेतपटलाला बारीक छिद्र पाडून आतल्या द्रवाला वाट करून देण्याची रीत रूढ केली. तीच भिंत, परंतु आता तिचा भेद दाब उतरवण्यासाठी होता.

तान्ह्या मुलाच्या डोळ्यातला दाब वाढला तर कोवळी भिंत ताणली जाऊन डोळाच मोठा होतो. प्रौढाची भिंत ताठ असते. ती हटत नाही. मग भार पडतो तो पाठीमागच्या चाळणीसारख्या जागेवर, जेथून दृष्टीची मज्जा बाहेर पडते. तटाचा तोच कच्चा बुरूज. दाब मोजतानाही भिंतीचा हिशेब ठेवावा लागतो, कारण पारपटल जाड असले तर यंत्र दाब अधिक दाखवते आणि पातळ असले तर कमी.

माझ्या वडिलांचा काचबिंदू आम्हांला फार उशिरा कळला. शेजारी बसलेला माणूस त्यांना दिसेनासा झाला होता आणि आम्ही त्याला वयाचा विसराळूपणा समजत होतो. गेलेली दृष्टी परत आली नाही. चाळिशी उलटल्यावर मी दर वर्षी डोळ्यांचा दाब तपासून घेतो. श्रोतेहो, आपणही घ्यावा. या वेढ्यात तोफेचा आवाज होत नाही.