प्रयोगाचा खर्च कोणी सोसायचा?

हापूसचे कलम खड्ड्यात बसवले की कोकणातला बागायतदार पुढच्या पाच-सहा वर्षांचा हिशेब मनात मांडून ठेवतो. या काळात झाड नुसते खाते, देत काही नाही. उन्हाळ्यात त्याला पाणी घालावे लागते, गुरांपासून राखावे लागते, वणवा लागू नये म्हणून भोवतालचे गवत काढावे लागते. तोवर घर कशावर चालवायचे, हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्या अभ्यासक्षेत्रात मी वाचकाला बोलावतो आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. इथे कलमाच्या जागी एखादी कल्पना असते. छोटा उद्योजक नवे काही करून पाहतो, ते साधेल याची खात्री नसते, आणि साधेपर्यंतची वर्षे कोणाच्या पैशावर काढायची हे ठरलेले नसते. सार्वजनिक पैसा त्यातला किती भार उचलतो, कसा उचलतो आणि उचलून काय होते, याचा हा अभ्यास.

विषयाचे नाव अवजड वाटते, म्हणून पुष्कळजण उंबरठ्यावरूनच परततात. तशी गरज नाही. मूळ युक्तिवाद दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचा आहे, रिचर्ड नेल्सन यांचा १९५९ चा आणि केनेथ ॲरो यांचा १९६२ चा, आणि तो कोकमाच्या बरणीत मावतो. समजा, एका आगळ करणाऱ्या बाईंनी तीन हंगाम खर्ची घालून रंग टिकवण्याची नवी रीत शोधली. चौथ्या हंगामात ती शेजारच्या वाडीत पोचणार, पाचव्यात तालुकाभर. समाजाला फायदा झाला, पण तीन हंगामांचा तोटा एकट्या बाईंच्या पदरात राहिला. हे आधीच दिसत असल्यामुळे शहाणा माणूस प्रयोगाच्या वाटेला कमी जातो, आणि समाजाला हवे असतात त्याहून थोडेच प्रयोग होतात. दुसरे कारण बँकेचे. कर्ज थकले तर पल्प काढण्याचे यंत्र जप्त करून विकता येते. फसलेल्या प्रयोगाला लिलावात कोणी बोली लावत नाही.

या अडचणीवर कोकणाने एक उत्तर फार पूर्वी दिले आहे, आणि माझ्या मते नवख्या अभ्यासकाने तिथूनच सुरुवात करावी. ते उत्तर असे, की प्रयोग शासनाने आपल्या संस्थेत करायचा आणि तयार फळ लोकांना द्यायचे. भाट्ये येथे १९५५ साली नारळ संशोधन केंद्र उभे राहिले, झाडगावला १९५८ मध्ये सागरी जीवशास्त्राचे केंद्र आले, आणि १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या संस्थांचे काम बारकाईने पाहिले तर ते छोट्या उत्पादकाच्या नेमक्या दुखण्यांशी जोडलेले दिसते. हापूस एक वर्षाआड फळतो आणि आतून साका निघतो, म्हणून नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आला. त्यात साका नाही आणि तो दरवर्षी धरतो. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ काढला, त्याची कोय इतकी पातळ की तो बिनकोयीचा म्हणूनच ओळखला जातो. आंबा देठासकट उतरला तर चीक फळावर ओघळत नाही आणि डाग पडत नाहीत, म्हणून ‘नूतन’ झेला केला. कोकमाचे रतांबे नेमके पावसाच्या तोंडावर पिकतात आणि आमसुले वाळवायला ऊन उरत नाही, म्हणून १९९७ मध्ये पावसाआधी हाती येणारी ‘कोकण अमृता’ ही जात दिली. आमसुले करणाऱ्या घराला पंधरा दिवसांचे जादा ऊन म्हणजे काय, हे ज्याला कळते त्याला या संशोधनाची किंमत कळेल.

आणि तरीही रत्नाने हापूसला बाजारातून हलवले नाही. वाशीच्या बाजारात पेटीवर अजून हापूस हेच नाव चालते, ग्राहक तेच मागतो, आणि दहा वर्षांनी विकल्या जाणाऱ्या फळाचा विचार करून कलम लावणारा बागायतदार तेच लावतो. गुणाने सरस ठरलेले संशोधन बाजारात मागे राहिले. याउलट वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या काजूच्या जाती, ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ आणि त्यांची भावंडे, डोंगरउतारांवर पसरल्या. हा फरक का पडला, हा प्रश्न मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्यापुढे ठेवतो. माझे उत्तर असे : काजूच्या बाबतीत १९९० साली रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली, आणि खड्डे, कलमे, मजुरी यांचा भार शासनाने उचलला. प्रयोगशाळा आणि बाग यांच्यामधल्या वर्षांना पैसा मिळाला. शिवाय काजूगराला जातीचे नाव विचारणारा ग्राहक नव्हता. संशोधनाला दिलेला पैसा आणि संशोधन रुजवायला दिलेला पैसा हे दोन वेगळे पैसे आहेत. पहिला देऊन दुसरा विसरला, तर काय होते ते रत्नाच्या झाडाकडे बघून शिकता येते.

फळबाग योजनांमध्ये आणखी एक शहाणपण दडलेले आहे, ज्याकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष क्वचित जाते. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते, आणि पुढचा हप्ता झाडे किती जगली त्यावर ठरतो : बागायतीत ९० टक्के, कोरडवाहूत ८० टक्के. पैसा एकदम हाती देऊन मोकळे व्हायचे नाही, जगलेले बघून पुढचे द्यायचे. अमेरिकेने छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठी १९८२ साली कायदा केला, त्यातली रचना याच जातीची आहे. मोठा संशोधन खर्च करणाऱ्या प्रत्येक केंद्रीय खात्याने त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. सुरुवातीला तो ०.२ टक्के होता, पुढे वाढत ३.२ टक्क्यांपर्यंत गेला. पहिला टप्पा कल्पना शक्य आहे का हे तपासण्यासाठी, दुसरा प्रत्यक्ष घडवण्यासाठी, आणि तिसऱ्या टप्प्यात बाजारात उतरताना या योजनेचा पैसा नाही.

युरोपची वाट जास्त वळणावळणाची, म्हणून आपल्याला जास्त उपयोगी. तिथे १९९० च्या दशकात ‘क्राफ्ट’ नावाची योजना होती. स्वतःची प्रयोगशाळा नसलेल्या, वेगवेगळ्या देशांतल्या काही छोट्या कंपन्यांनी एकत्र यायचे, आपल्या सगळ्यांची अडचण एका संशोधन संस्थेपुढे मांडायची, आणि त्या कामाच्या खर्चाचा मोठा वाटा युरोपीय निधीने द्यायचा. २००७ ते २०१३ च्या युरोपीय संशोधन आराखड्यातही हीच पद्धत पुढे चालली आणि निष्कर्षांची मालकी सामान्यतः छोट्या उद्योगांकडे राहिली. प्रश्न उद्योगाने विचारायचा, संस्थेने सोडवायचा, उत्तर उद्योगाचे. रत्नागिरीत हे चित्र डोळ्यासमोर आणून पाहा : दहा आंबा प्रक्रियादार आणि दापोलीची प्रयोगशाळा. मला ही कल्पना त्यानंतर आलेल्या सगळ्या झगमगीत योजनांपेक्षा आपल्या मातीला जवळची वाटते.

२०१४ पासून युरोपने अमेरिकेचे बोट धरले. ‘होरायझन २०२०’ या सुमारे ८० अब्ज युरोंच्या आराखड्यात छोट्या उद्योगांसाठी खास साधन आले. एकटी कंपनी अर्ज करू शकत असे. पहिल्या टप्प्यात ठोक ५०,००० युरो, दुसऱ्यात साधारण ५ लाख ते २५ लाख युरो. पुढे त्याचे रूपांतर युरोपीय नवोन्मेष परिषदेच्या ‘ॲक्सिलरेटर’मध्ये झाले, जिथे अनुदानाबरोबर भागभांडवलही मिळते. गुणवत्तेच्या कसोटीला उतरलेल्या, पण निधी संपल्यामुळे मागे राहिलेल्या प्रस्तावांना उत्तमतेची मोहोर दिली जाते, म्हणजे ते आपल्या प्रदेशातल्या दुसऱ्या निधीकडे जाऊ शकतात. आपल्याकडे नाकारलेला प्रस्ताव बहुधा कारणावाचूनच परत येतो. ही एक मोहोर उसनी घ्यायला खर्च फार येणार नाही.

इथे वाचकाला एक खबरदारी. युरोपात ‘छोटा-मध्यम उद्योग’ म्हणजे २५० पेक्षा कमी माणसे आणि ५ कोटी युरोंपर्यंत उलाढाल. भारतात एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी रुपये गुंतवणूक आणि १० कोटी रुपये उलाढाल अशी आहे. मे महिन्यात चाळीस बायका कामाला असणारी आणि पावसाळ्यात कुलूप लागणारी कॅनिंगची शेड ही तर वेगळीच गोष्ट. दोन्हीकडे ‘छोटा’ हा एकच शब्द वाचून तुलना करू नये.

पैसा दिल्याने खरोखर काही घडते का, की जे घडणारच होते त्याला शासनाने हातभार लावल्याचा भास होतो, हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड आणि मला सर्वांत प्रिय प्रश्न. चांगल्या कंपन्यांनाच अनुदान मिळत असेल, तर त्या पुढे गेल्या यात अनुदानाचे श्रेय किती? यावर एक देखणी युक्ती सापडली. अर्जांना गुण दिलेले असतात आणि निधी एका रेषेपाशी संपतो. रेषेच्या जरासे वर राहिलेले आणि जरासे खाली घसरलेले गुणवत्तेने जवळजवळ सारखेच असतात. पुढे त्यांच्यात पडलेला फरक अनुदानाचा. सबरिना हॉवेल यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अनुदानांचा असा अभ्यास केला. पहिल्या टप्प्यातल्या दीड लाख डॉलरांनी कंपनीला पुढे खासगी भांडवल मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली, मात्र दुसऱ्या टप्प्यातल्या कितीतरी मोठ्या रकमेचा तसा परिणाम दिसला नाही. पिएत्रो सांतोलेरी आणि सहकाऱ्यांनी युरोपच्या साधनाला हीच पद्धत लावली, आणि परिणाम ठळक निघाला. तो शासनाच्या शिक्क्यामुळे नसून प्रत्यक्ष पैशामुळे होता. लहान रक्कम, लवकर, प्रयोगासाठी : इतके जरी हॉवेल यांच्या अभ्यासातून हाती आले तरी पुष्कळ.

जॉश लर्नर यांचा १९९९ चा निबंध मात्र रत्नागिरीत बसून वाचताना अस्वस्थ करतो. अमेरिकेत अनुदान मिळालेल्या कंपन्या इतरांहून जास्त वाढल्या, पण ही वाढ मुख्यतः जिथे आधीपासून साहस-भांडवलाची वर्दळ होती अशाच भागांत दिसली. अनुदान तेवढेच, जागा वेगळी, फळ वेगळे. रत्नागिरीत ती वर्दळ नाही. म्हणून पुण्या-मुंबईसाठी आखलेली योजना जशीच्या तशी इथे आणून चालणार नाही.

भारतात सोय नाही असे नाही. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली छोट्या उद्योगांसाठी संशोधन योजना सुरू केली, आणि २०१२ मध्ये स्थापन झालेली ‘बायरॅक’ ही संस्था सुरुवातीच्या कल्पनेला १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत देते. आपल्या आमरस, आंबापोळी, आगळ करणाऱ्यांना जास्त ओळखीची आहे ती २०२० ची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना : प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, बँकेच्या कर्जाशी जोडलेले. तिने अनेक घरांत यंत्रे आणली, आणि ते मोलाचे आहे. पण नीट वाचा : तो पैसा यंत्राला आहे, प्रयोगाला नाही. बँक तयार झाल्यावरच तो मिळतो, आणि बँक कशाला तयार होते ते वर सांगितलेच. आगळ करणाऱ्या बाईंच्या तीन हंगामांसाठी यात रकाना नाही. माझ्या मते आपल्या सगळ्या व्यवस्थेतली रिकामी जागा ही आहे, आणि ती भरायला फार मोठी रक्कम लागत नाही.

लोकांच्या पैशातून नव्या उद्योगाला हात देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही, हेही इथे नोंदवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काच कारखाना निघाला. देशात ज्या विद्येचे जाणकार मोजके होते, ती शिकण्या-शिकवण्यासाठी हा पैसा लागला. संगमेश्वरच्या पैसा फंड शाळेच्या नावात तो शब्द अजून आहे. पैसा फंडाचे हिशेब आजच्या कसोट्या लावून तपासणे हा एखाद्या तरुण संशोधकासाठी तयार विषय आहे.

दुसरा तयार विषय फसलेल्या प्रयोगांचा. यशोगाथा छापल्या जातात, पण कुठल्या वाडीत कोणी काय करून पाहिले, किती पैसे घातले आणि कुठे अडले, हे कोणी लिहून ठेवत नाही. युरोपातल्या अभ्यासकांना रेषेखालचे अर्जही पाहायला मिळाले, म्हणून त्यांना उत्तर काढता आले. आपल्याकडे ती वही आपल्यालाच घालावी लागेल. सुरुवात करायला मे महिन्याचा पहिला आठवडा बरा. रतांबे उतरू लागलेले असतात, कॅनिंगच्या गाड्यांची रांग अजून लागलेली नसते, आणि दुपारी पडवीत बसून लोकांना बोलायला थोडी सवड असते.