रोज बिघडणारी, तरी तीस वर्षं टिकणारी गाडी: विरोधाभासातून संशोधन-प्रश्न कसा काढायचा?

घरातल्या किंवा ओळखीतल्या, साठी ओलांडलेल्या एखाद्या माणसाला जुन्या फियाटबद्दल किंवा अ‍ॅम्बेसेडरबद्दल विचारून बघा. बहुतेक वेळा पहिलं उत्तर तक्रारीचं असतं. घाटात पाणी उकळायचं, पावसाळ्यात सकाळी स्टार्ट व्हायची नाही, चार जणांनी धक्का मारायचा, स्टेपनीसोबत फॅनबेल्ट आणि पाण्याचा कॅन घेतल्याशिवाय गावाला निघायचं नाही. आणि दोन वाक्यांनंतर तोच माणूस म्हणतो, ‘पण गाडी एक नंबर हो! पंचवीस-तीस वर्षं चालली.’

आता थांबा. ही दोन्ही विधानं एकाच गाडीबद्दल आहेत. सतत बिघडणारी गाडी तीस वर्षं चालते कशी? आणि इतका त्रास देणाऱ्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून का बसत?

संशोधनाची तयारी करणारे बरेच विद्यार्थी अशा ठिकाणी पटकन एक बाजू घेतात. कुणी म्हणतं, ‘जुन्या गाड्या वाईटच होत्या, लायसन्स राजचा परिणाम.’ कुणी म्हणतं, ‘जुनं ते सोनं.’ दोन्ही उत्तरांत संशोधन संपतं. विरोधाभास तसाच धरून ठेवला तर मात्र सुरू होतं. मी दुरुस्तीच्या सामाजिक इतिहासावर काम करते, आणि त्यातला हा एक कोपरा आज तुमच्यासमोर उलगडून ठेवते.

आधी पार्श्वभूमी

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तिकडे बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स 1942 पासून होती, आणि पुढे तिचा कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला उभा राहिला. त्या काळात जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्याही भारतात सुटे भाग आणून गाड्या जोडत होत्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना तर 1928 पासूनचा.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. 1949 मध्ये पूर्ण तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनं ठरवलं, की ज्यांच्याकडे गाडी इथेच टप्प्याटप्प्यानं बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहायचं, नुसती जोडणी चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. मैदानात मोजके खेळाडू उरले. प्रीमियरची फियाट 1100, हिंदुस्थानची अ‍ॅम्बेसेडर (मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड) आणि मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड. सत्तरच्या दशकातही देशभरात वर्षाला पन्नास हजारांपेक्षा कमीच मोटारी बनत. किंमत सरकार ठरवणार, किती बनवायच्या ते परवाना ठरवणार, आणि 1959 च्या नियंत्रण आदेशामुळे वाटप आणि विक्रीवरही सरकारची नजर.

इथपर्यंतची माहिती तुम्हाला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. पण पाठ्यपुस्तक ‘स्पर्धा नव्हती म्हणून दर्जा घसरला’ एवढं सांगून पुढे जातं. आपण थोडं खणूया.

अ‍ॅकरलॉफचा खटारा आणि मुंबईची फियाट

1970 मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला, ‘द मार्केट फॉर लेमन्स’. लेमन म्हणजे अमेरिकन बोलीत खटारा. वरून चकाचक, आतून बिघडलेली गाडी. तीन नियतकालिकांनी हा लेख नाकारला होता, आणि पुढे याच कामासाठी 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. (पेपर परत आला म्हणून रडत बसलेल्यांनी नोंद घ्यावी!)

त्यांचा मुद्दा सोपा आहे. जुनी गाडी विकणाऱ्याला तिचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा धोका धरून कमी किंमत देतो. कमी किंमत मिळते म्हणून चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणतच नाही. शेवटी बाजारात खटारेच उरतात. म्हणूनच शोरूमच्या बाहेर पडताक्षणी नव्या गाडीची किंमत घसरते.

आता हा सिद्धांत जसाच्या तसा मुंबईला लावून बघा. लागतच नाही! इथे नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी होती. म्हणून ज्याच्या हाती गाडी आली, त्याला ती कंपनीच्या किमतीपेक्षा जास्त भावानं विकता येत होती. लोक त्याला ‘ऑन’चे पैसे म्हणत. वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग. गंमत म्हणजे 1967-68 मध्ये अ‍ॅकरलॉफ स्वतः दिल्लीत, भारतीय सांख्यिकी संस्थेत, पाहुणे प्राध्यापक होते. त्यांच्या लेखात भारतातल्या ग्रामीण कर्जबाजाराचं उदाहरण आहे, पण मोटारी मात्र अमेरिकेतल्याच आहेत.

इथे एक पद्धतशास्त्रीय धडा घ्या. सिद्धांत लागू होत नाही म्हणजे सिद्धांत चूक, असं नाही. तो कुठे लागू होत नाही हे बघितलं की तिथल्या परिस्थितीचं वैशिष्ट्य कळतं. अमेरिकेतल्या ग्राहकाची अडचण होती ‘गाडीत काय दोष आहे हे मला माहीत नाही’. मुंबईतल्या ग्राहकाला दोष आधीच पाठ होते. त्याची अडचण होती पर्याय नसणं. म्हणून तो गाडीपेक्षा जास्त शोध दुसऱ्याच गोष्टीचा घ्यायचा: चांगला मिस्त्री कुठे आहे?

एकाच कारणाची दोन फळं

आता गाडीचं बॉनेट उघडूया. फियाट 1100 मध्ये 1089 सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं. कार्ब्युरेटर, यांत्रिक पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, चार प्लग. इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं काहीच नाही. पॉइंटला काजळी धरली की ठिणगी नीट पडत नाही. उन्हाळ्यात पेट्रोलची पंपात किंवा नळीतच वाफ होते आणि इंजिन बंद पडतं. म्हणून घाटात लोक पंपावर ओलं फडकं गुंडाळत. रेडिएटरमध्ये गाळ साचला की खंडाळ्याच्या चढाला पाणी उकळलंच म्हणून समजा.

पण या प्रत्येक दोषाचा इलाज बघा. पॉइंट पॉलिश पेपरनं घासता येतात. प्लग पान्यानं उघडून साफ करता येतात. फॅनबेल्ट रस्त्याच्या कडेला बदलता येतो. म्हणजे बिघाड वारंवार, पण प्रत्येक बिघाड डोळ्यांना दिसणारा आणि हाताला सापडणारा.

इथे आपल्याला दोन संकल्पना वेगळ्या कराव्या लागतात. एक, विश्वासार्हता: गाडी किती वेळा बंद पडते? दुसरी, दुरुस्तीयोग्यता: बंद पडल्यावर ती किती सहज पुन्हा चालू होते? आपले काका-आजोबा तक्रार करतात ती पहिलीबद्दल आणि कौतुक करतात ते दुसरीचं. विरोधाभास सुटला? अर्धा सुटला. कारण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: या दोन गोष्टी एकत्र का आल्या?

माझा तर्क असा, की दोन्ही एकाच धोरणातून आल्या. तीन धागे बघा.

पहिला, मॉडेल न बदलणं. 1964 च्या सुमाराची फियाट 1100 डिलाइट पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली, 1974 च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झाली, आणि शतक संपेपर्यंत जवळपास त्याच रूपात बनत राहिली. स्पर्धा नसल्यानं जुने दोष तसेच राहिले. पण त्यामुळेच मिस्त्रीचं ज्ञानही शिळं झालं नाही. विशीत शिकलेलं काम त्याला पन्नाशीतही उपयोगी पडत होतं.

दुसरा, सुटे भाग. गाडीचा जास्तीत जास्त भाग देशातच बनवायचा, हे धोरण होतं. अनेक सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखीव होते. छोट्या छोट्या कारखान्यांतून येणाऱ्या भागांचा दर्जा सारखा नसे, म्हणून बिघाड वाढत. पण त्याच कारखान्यांमुळे भाग सगळीकडे आणि स्वस्तात मिळत. ‘ओरिजिनल देऊ की लोकल?’ हा दुकानदाराचा प्रश्न त्या व्यवस्थेचं अख्खं वर्णन आहे. नवा परवडला नाही तर जुना शोधायला कुर्ला आणि चोर बाजार होतेच.

तिसरा, टंचाई. नवी गाडी मिळणं अवघड, म्हणून जुनी मोडीत काढणं परवडत नसे. इंजिन उतरवायचं, रिबोर करायचं, पुन्हा बांधायचं. गाडी तीस वर्षं टिकली, कारण तिला टिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मग किंमत कुणी मोजली?

हा या संशोधनाचा गाभा आहे. कारखान्यातून बाहेर पडलेला दोष हवेत विरून जात नाही, कुणीतरी तो उचलतं. बाजारात स्पर्धा असती तर काही भार कंपनीनं वॉरंटीच्या रूपानं सोसला असता. इथे तो खाली सरकत गेला. खासगी मालकानं तो वेळ आणि पैशांत मोजला. टॅक्सीवाल्यानं बुडालेल्या दिवसाच्या कमाईत मोजला. गाडी भाड्यानं घेऊन चालवणाऱ्यासाठी बंद गाडी म्हणजे त्या दिवशी चूल बंद. आणि सगळ्यात तळाशी गॅरेजमधला पोरगा, जो ग्रीसमध्ये हात काळे करत, शिव्या खात, कुठल्याही प्रमाणपत्राविना ते काम शिकला. देशातल्या मोटारी ज्यांच्या जिवावर धावल्या, त्यांची नावं कुठल्याही औद्योगिक इतिहासात नाहीत.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हा समतोल ढळला. सकाळी किल्ली फिरवली की चालू होणारी गाडी लोकांना पहिल्यांदाच मिळाली. ग्राहकाला दिलासा मिळाला यात वादच नाही. पुढे 2000 च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन रुळलं, बिघाड शोधायला स्कॅनर लागू लागला. विश्वासार्हता वाढली, आणि रस्त्याच्या कडेला होणारी दुरुस्ती आक्रसत गेली.

साधनं कुठे शोधाल?

कागदाची कमतरता नाही. टॅरिफ कमिशनचे 1953, 1956 आणि 1968 चे अहवाल आहेत. मोटारींच्या दर्जाबद्दल इतकी ओरड झाली, की 1967 मध्ये त्यासाठी चौकशी समितीचा अहवाल आला. लोकसभेतली प्रश्नोत्तरं आहेत. किमतींच्या नियंत्रणाविरुद्ध कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्याचा 1971 चा निकाल आहे. मुंबईत 1919 पासून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संघटना आहे.

पण प्रत्येक कागदाला विचारा: हा कुणी, कशासाठी लिहिला? कंपनी न्यायालयात खर्च जास्त दाखवणार. खासदार ग्राहकाची बाजू मांडणार, पण त्याच्या डोळ्यांसमोरचा ग्राहक म्हणजे गाडी घेऊ शकणारा मूठभर वर्ग. आणि या सगळ्या ढिगात मिस्त्री कुठेच बोलत नाही. त्याचं ज्ञान कानात होतं (‘टॅपेटचा आवाज येतोय’) आणि बोटांत होतं.

म्हणून मौखिक इतिहास. इथे दोन खड्डे लक्षात ठेवा. एक, टिकलेल्याच गाड्यांच्या आठवणी टिकतात. ज्या पाच वर्षांत भंगारात गेल्या, त्यांचं कौतुक करायला कुणी उरलेलं नाही. दुसरं, आठवण सांगणारा आज कुठून सांगतोय ते बघा. आज एसी गाडीत बसणाऱ्याला जुना धक्का-स्टार्ट गोड वाटतो. रात्री दोन वाजता टोचन लावून गाडी ओढत नेणाऱ्याला तो तेव्हा गोड नव्हता. मुलाखतीत ‘गाडी कशी होती?’ असं विचारू नका. ‘शेवटची कधी बंद पडली, तेव्हा सोबत कोण होतं, दुरुस्त कुणी केली, किती दिले?’ असं विचारा. ठोस प्रश्नाला ठोस उत्तर मिळतं.

आणि हे काम लांबवू नका. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली होती, ती ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. वृत्तपत्रांनी हळवे निरोप छापले. पण ज्यांनी त्या टॅक्सी चालत्या ठेवल्या, ते मिस्त्री आता सत्तरीत आहेत. 2022 मध्ये केंद्र सरकारनं ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्यात मोटारीही आहेत. म्हणजे वस्तू उघडून बघण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाचा, हा वाद आज चालू आहे, आणि त्या वादाचा इथला इतिहास अजून नीट लिहिलेला नाही.

तुमचा विषय मोटार नसेलही. मिक्सर असेल, शेतातली मोटर असेल, एसटीचा डेपो असेल. पद्धत तीच. लोक एकाच वस्तूबद्दल दोन उलट गोष्टी बोलताना सापडले, की त्यातली एक खोडू नका. दोन्ही वहीत लिहा आणि त्यांच्याखाली एकच प्रश्न लिहा: ती बंद पडली, तेव्हा भार कुणावर आला?