डॉलर-चिन्ह

डॉलर-चिन्ह ($) : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या डॉलरचे, तसेच मेक्सिको, अर्जेंटिना, चिली, कोलंबिया इत्यादी देशांतील पेसोचे चलनचिन्ह. लोकांच्या मनात ते अमेरिकेशी पक्के जोडलेले असले, तरी त्याचे मूळ स्पॅनिश पेसोच्या हिशेबांत आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत जमाखर्च पौंड-शिलिंगांत मांडत. बाजारात मात्र आठ रेआलांचा चांदीचा स्पॅनिश पेसो खेळत असे. सुमारे २७ ग्रॅम वजनाचे हे नाणे मेक्सिको, लिमा, पोतोसी येथील टांकसाळींतून येई आणि इंग्रजी बोलणारे त्याला ‘स्पॅनिश डॉलर’ म्हणत. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने अमेरिकेने स्वतःचा डॉलर ठरवला, तोही याच नाण्याच्या मोलाचा. पुढे १८५७ पर्यंत स्पॅनिश नाणी तेथे कायदेशीर चलन म्हणून चालत होती.

चिन्हाच्या उगमाचा चिकाटीने माग काढला तो गणिताचे इतिहासकार फ्लोरियन काजोरी (१८५९–१९३०) यांनी. त्यांनी तर्क लढवत न बसता जुनी पत्रे, बीजके आणि वह्या चाळल्या. ‘पेसोस’ या अनेकवचनाचा संक्षेप करताना हिशेबनीस रोमन ‘पी’ लिहीत आणि त्याच्या खांद्याशी बारीक ‘एस’ काढत. दिवसभर तेच लिहिणाऱ्या हाताला घाई असते. ‘पी’चे पोट हळूहळू नाहीसे झाले, उभा दांडा तेवढा उरला, ‘एस’ खाली घसरून त्या दांड्यावर बसला. न्यू ऑर्लिन्सचा आयरिश वंशाचा व्यापारी ऑलिव्हर पोलॉक याच्या १७७८ च्या सुमाराच्या कागदपत्रांत ही स्थित्यंतरे दिसतात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला पैसा आणि माल पुरवणारा हा माणूस स्पॅनिश अंमलाखालच्या शहरात राहून इंग्रजीत पत्रव्यवहार करी. दोन्ही लेखनपद्धती एकाच टेबलावर याव्यात अशीच ही जागा होती. न्यूयॉर्कचे एझ्रा लॉमेदियू यांच्या १७७६ च्या रोजनिशीत तर आजच्यासारखे, एका दांड्याचे चिन्ह आढळते. छापखान्यात ते यायला आणखी काही वर्षे गेली: फिलाडेल्फियाच्या बिनी आणि रोनाल्डसन यांनी १७९७ च्या सुमारास त्याचे खिळे पाडले.

काजोरींची उपपत्ती रुक्ष वाटते, म्हणूनच की काय, रंगतदार कथा मागे पडलेल्या नाहीत. एका कथेत उभे दांडे म्हणजे हर्क्युलिसचे दोन खांब आणि ‘एस’ म्हणजे त्यांना गुंडाळलेली पट्टी. मेक्सिकोच्या टांकसाळीने १७३२ पासून पाडलेल्या पेसोंवर खांब खरोखरच होते. दुसऱ्या कथेनुसार हे पोतोसी टांकसाळीच्या एकावर एक लिहिलेल्या अक्षरांचे रूप आहे. या दोन्हींत नाण्यावरचे चित्र वहीत कसे उतरले, हा दुवा सापडत नाही. ‘यू’ आणि ‘एस’ एकमेकांवर ठेवून अमेरिकेची आद्याक्षरे दाखवणारी तिसरी कथा आयन रँडच्या ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ (१९५७) या कादंबरीने दूरवर पोहोचवली. हस्तलिखितांचा आधार तिलाही नाही. चिन्ह कोणी मुद्दाम घडवलेच असले पाहिजे, हा या कथांमागचा समान आग्रह आहे. हिशेबाच्या चिन्हांबाबत तो सहसा फोल ठरतो.

एक दांडा की दोन, याने डॉलरच्या अर्थात फरक पडत नाही. गंमत म्हणजे अमेरिकेच्या आजच्या कागदी नोटांवर हे चिन्ह छापलेले नसते. रक्कम आकड्यांत आणि शब्दांत असते. २००७ पासूनच्या एक डॉलरच्या नाण्यांवर मात्र ते आहे.

दोन दांड्यांचे जवळपास असेच चिन्ह पोर्तुगीज हिशेबातही होते. त्याला ‘सिफ्रांव’ म्हणतात. पूर्वी ते रेईश या जुन्या चलनाच्या हिशेबात हजारांच्या जागी येई. १९११ मध्ये एस्कुदो हे चलन आल्यावर ते एस्कुदो आणि सेंताव्हो यांच्यामध्ये, दशांशचिन्हाच्या जागी बसले. अडीच एस्कुदो २$५० असे लिहीत. गोव्यात १९५८ मध्ये एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने हे चलन आले आणि १९६१ मधील मुक्तीबरोबर त्याचा अंमल संपला. संगणकीय युनिकोड प्रणालीत सिफ्रांवला वेगळा क्रमांक नाही. डॉलर-चिन्हाच्याच क्रमांकावर त्याचे भागते आणि दांडे एक की दोन, हे टंकावर अवलंबून राहते.