देवासमोर शपथ झाली, मग लग्न झालं का?

आमच्या उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये लग्न म्हटलं की हॉल, बॅण्ड आणि जेवण. कागदाची आठवण येते ती कुणाचा पासपोर्ट अडला की. त्यावरून एका मित्राने विचारलं, ख्रिस्ती लग्न हे देवासमोरचं वचन आहे ना? मग त्यात सरकारचं काय काम?

प्रश्न जुना आहे. १५६३ पर्यंत कॅथलिक चर्चसुद्धा वधूवरांनी एकमेकांना दिलेलं वचन पुरेसं मानायचं. पाद्री आणि दोन साक्षीदार हवेतच, हे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं. कारण साधं होतं. गुपचूप दिलेलं वचन एकाने नाकारलं, तर दुसऱ्याने ते सिद्ध कसं करायचं?

आपल्याकडे हाच वाद १८४९ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आला. सुरतेत एका मिशनऱ्याने लग्न लावलं होतं. तो काँग्रिगेशनल पंथाचा, म्हणजे बिशपने दीक्षा दिलेला नव्हता. त्याआधी पाचच वर्षं लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये असा दीक्षित पाद्री हवाच, असा निकाल लागला होता. तोही कसा, तर तीन विरुद्ध तीन अशी बरोबरी होऊन! मुंबईच्या कोर्टाने तो नियम इथे लावला नाही आणि सुरतेचं लग्न वैध धरलं. पण विचार करा, इतकी वर्षं संसार केल्यावर आपण नवराबायको आहोत की नाही, हे कोर्टाला विचारायला लागणं काय असेल.

हा गोंधळ मिटवायला एकामागून एक कायदे आले. त्यातला १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आजही चालू आहे. गंमत म्हणजे देशी ख्रिस्ती लोकांसाठी त्यात आगाऊ नोटिशीची अट नाही. परवानाधारक माणूस, दोन साक्षीदार आणि वधूवरांनी उच्चारायचं वचन. त्या वचनाचे शब्द कायद्यातच छापलेत, परमेश्वराच्या आणि येशू ख्रिस्ताच्या नावासकट. म्हणजे सरकारने शपथ काढून घेतली नाही, ती स्वतःच्या कायद्यात लिहून ठेवली. मात्र अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद. वेळही ठरलेली: काही अपवाद सोडले तर सकाळी ६ ते संध्याकाळी ७.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि काही वर्षं दोघं वेगळे राहिले. त्या वेळी १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने सोडून राहिला, तर धर्मांतरित माणसाला कोर्टात जाता यायचं. कोर्ट वर्षभर थांबायचं, आणि तरीही जोडीदार आला नाही तर लग्न मोडून द्यायचं. टिळकांनी ती वाट धरली नाही. पुढे लक्ष्मीबाई आपल्या मनाने परत आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. अग्नीसमोर लागलेलं लग्न धर्म बदलूनही टिकलं, आणि ते काही सरकारने टिकवलं नाही.

म्हणून मित्राचं अर्धं बरोबर आहे असं मला वाटतं. दोघं वचन पाळत असतील तर कागद कपाटात पडून राहतो. एकाने हात वर केले की कागद शोधावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो शोधणारी बाईच असते.

मोडतानाही तेच. चर्चच्या न्यायासनाने लग्न रद्द ठरवलं तरी कायद्याने ते मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. चर्चच्या अशा निर्णयाला कायद्याची मान्यता द्या, ही मागणी २०१७ मध्ये पुन्हा फेटाळली गेली. २००१ पासून ख्रिस्ती जोडप्यांना परस्पर संमतीने घटस्फोट मिळतो, पण कोर्टातूनच. त्यानंतर कॅथलिक चर्चमध्ये दुसरं लग्न करायचं असेल, तर न्यायासनाची फाईल वेगळी.