दोन अंगठ्यांचा हातमोजा

आइसलंडच्या जुन्या मासेमारांचा हातमोजा पहिल्यांदा पाहिला की विणणाऱ्या बाईचा हिशोब चुकला असंच वाटतं. बोटं सगळी एकाच पिशवीत, पण अंगठे दोन, एक या कडेला आणि एक त्या कडेला. वल्ही मारून, गळाची दोरी ओढून तळव्याची बाजू झिजली की मोजा फिरवून घालायचा. पाठीकडची बाजू तळव्यावर येते आणि कोरा अंगठा कामाला लागतो.

हा मोजा हाताच्या मापापेक्षा बराच मोठा आणि सैल विणत. मग गरम पाण्यात घालून तो चोळायचा, मळायचा, पायाने तुडवायचा. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात; ऊब, ओल आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. विणीची भोकं बुजतात, मोजा आटतो, जाड होतो, वारा आत शिरत नाही. (लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुऊन बसलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग केलेला आहे.) आपल्याकडच्या बुरणुसाचं तत्त्व हेच, फक्त बुरणूस सुट्या लोकरीचा करतात, आणि इथे आधी विणून मग आटवायचं. उरलंसुरलं काम समुद्रावर खारं पाणी आणि वल्ह्याची मूठ करत असे.

सुयांवरचं विणकाम आइसलंडमध्ये पोचलं १६व्या शतकात. दक्षिण किनाऱ्यावर स्टोराबोर्गच्या उत्खननात सापडलेला विणलेला हातमोजा त्या शतकाच्या पूर्वार्धातला मानतात. त्याआधी शतकानुशतकं घरातल्या उभ्या मागावर लोकरीचं कापड निघायचं आणि ते चलन म्हणूनही चालायचं. पण माग एका जागी रोवलेला. सुया कुठेही नेता येतात, मिणमिणत्या उजेडात चालतात. लोक वाटेने चालतानाही विणत.

१६०२मध्ये डेन्मार्कच्या राजाने आइसलंडचा सगळा व्यापार आपल्या मर्जीतल्या व्यापाऱ्यांना दिला. तो मक्ता १७८७पर्यंत टिकला. त्या काळात १६२४ या एका वर्षात ७२ हजारांहून जास्त पायमोज्यांचे जोड आणि १२ हजारांवर हातमोज्यांचे जोड देशाबाहेर गेले. १७०३च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या ५० हजारांच्या जरा वर होती, म्हणजे हे आकडे केवढे ते कळेल. आणि विकायचं ते नेमून दिलेल्या बंदरावरच. होल्मफास्तुर गुद्मुंडसन नावाच्या माणसाने आपले थोडे मासे हाफ्नारफ्योर्दूरऐवजी केफ्लाविकला विकले म्हणून १६९९मध्ये त्याला फटके मारले गेले. आज पर्यटक हौसेने घेऊन येतात तो गोल नक्षीच्या गळ्याचा स्वेटर मात्र २०व्या शतकाच्या मध्यातला; त्याने हे काही पाहिलेलं नाही.

एवढे मोजे विणले कोणी? घरातल्या सगळ्यांनी, पुरुषांनी आणि मुलांनीसुद्धा. हिवाळ्याच्या संध्याकाळी गवताळ मातीच्या घरात, जिथे झोपायचं त्याच लांबट खोलीत मंडळी आपापल्या पलंगांवर बसत. कोणी लोकर पिंजे, कोणी सूत काती, कोणी विणी. माशाच्या तेलाचा दिवा असे, आणि त्याच्याजवळचा एकजण मोठ्याने वाचत असे: सागा, नाहीतर 'रीमुर' ही लांबलचक कथाकाव्यं. या बैठकीला 'क्वोल्डवाका' म्हणत, म्हणजे संध्याकाळचं जागरण.

या जागरणाबद्दल फार हळवं होऊन लिहिलं जातं, आणि मला ते पुरतं पटत नाही. त्या खोलीतले बरेचजण गडीमाणसं होती. ज्याची स्वतःची जमीन नाही त्याने कुणाच्या तरी शेतावर वर्षाच्या बोलीने राबलंच पाहिजे, असा कायदा होता. संध्याकाळ त्यांची नव्हती, मालकाची होती. गोष्ट होती ती सुया थांबू नयेत आणि डोळा लागू नये म्हणूनही. पण हात गुंतलेले आणि कान मोकळे अशा या कामामुळेच, ज्याला पुस्तक विकत घेणं कधीच परवडलं नसतं त्याच्याही कानावर चारशे-पाचशे वर्षांपूर्वी लिहिलेली भाषा रोज पडत राहिली.

वरच्यांना ते खुपलं. १७४६मध्ये घरातल्या शिस्तीसंबंधी राजाचा हुकूम निघाला. मुलांना, नोकरांना धर्म शिकवा आणि असल्या निरुपयोगी कथा व रीमुर बंद करा, असा त्याचा रोख. विणकाम अर्थातच चालू ठेवायचं होतं. सागाही थांबल्या नाहीत. १९व्या शतकातसुद्धा शेतकरी घरी बसून त्यांच्या हस्तलिखित नकला करत होते.