डेंग्यूतल्या प्लेटलेट आणि अल्झायमरचं प्रथिन : रक्त चढवल्यानं विसरभोळेपणा येतो का?

सुरत : पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की लिंबायत, उधना, पांडेसऱ्यातल्या मराठी घरांत एकच प्रश्न असतो, "प्लेटलेट किती?" रक्त गोठवणाऱ्या या चिमुकल्या पेशींचा अल्झायमरशीही संबंध आहे. मात्र तो समजून न घेता घाबरण्यात अर्थ नाही.

अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत दोन प्रथिनं साचतात, अमायलॉइड बीटा आणि टाऊ. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, पण अमायलॉइड वेगळं काढता आलं ते 1984 मध्ये. अमेरिकेतल्या जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून मिळवलं. याचं मूळ रक्तातच असावं, असा त्यांचा अंदाज होता. पुढे मेंदूच्या पेशीच ते तयार करतात हे कळलं आणि रक्ताचा विषय मागे पडला.

तो पुरता संपला नाही. अमायलॉइड ज्या मोठ्या प्रथिनातून तुटून निघतं, त्याचा रक्तातला 90 टक्क्यांहून जास्त साठा प्लेटलेटमध्येच असतो. जखम झाली, प्लेटलेट कामाला लागल्या की अमायलॉइड बाहेर पडतं. मग ते मेंदूत जातं का? चीनच्या चोंगचिंगमधल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर शस्त्रक्रियेनं जोडून दोघांचं रक्त एकमेकांत फिरू दिलं. वर्षभरानं निरोगी उंदराच्या मेंदूतही अमायलॉइड साचलेलं दिसलं. प्रयोग भारी, पण उंदीर तो उंदीर. वर्षभर रक्त एक होणं वेगळं आणि एक-दोन बाटल्या चढणं वेगळं.

माणसांत काय दिसलं?

नंदुरबार, नवापूरहून ताप्ती लाईननं आईवडिलांना सिव्हिल किंवा स्मीमेरला आणणाऱ्यांसाठी महत्त्वाचं हे आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये रक्त घेतलेल्या 14 लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातल्या सुमारे 40 हजार जणांना मिळालेल्या रक्ताचे दाते पुढे डिमेन्शिया किंवा तशाच मेंदूच्या आजारानं ग्रासले होते. तरी या रुग्णांत डिमेन्शिया वाढलेला दिसला नाही. हा अभ्यास 2016 चा.

2023 मध्ये याच दोन देशांतून एक सावध करणारी नोंद आली. ज्या दात्यांना पुढे वारंवार मेंदूत रक्तस्राव झाला, त्यांचं रक्त घेतलेल्यांतही तसा रक्तस्राव जास्त आढळला. पण असे दाते फारच थोडे, आणि नेमकं कारण सिद्ध झालेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं रक्त नाकारावं, असं यातून निघत नाही.

घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. बी-12 ची कमतरता आणि थायरॉइड यांमुळेही स्मरण बिघडतं आणि ते औषधानं सुधारू शकतं. दोन्हींचा पत्ता साध्या रक्ततपासणीत लागतो.