दिवसांची शिदोरी

हिमालयातील पदभ्रमणाची तयारी म्हटली की बूट, लोकरीचे कपडे, पाठपिशवी अशी यादी होते. सरावासाठी एखादा गडही चढला जातो. पण महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच. सह्याद्रीत पाय तयार होतात. विरळ हवेची ओळख मात्र होत नाही.

ही ओळख माणसाला फार सावकाश झाली. होसे दे आकोस्ता या स्पॅनिश धर्मोपदेशकाला अँडीज पर्वत ओलांडताना भयंकर ओकाऱ्या झाल्या. इथली हवा माणसाच्या श्वसनाला पुरेशी दाट नसावी, असा तर्क त्याने १५९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. त्या वेळी वायुभारमापकही नव्हता! पुढे १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पारा भरलेली नळी प्वी द दोम या डोंगरावर नेली. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटीमीटर खाली उतरला. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, हे सिद्ध झाले.

पण दाब घटल्याने शरीराचे नेमके काय बिघडते? फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने बंद कोठीतील दाब कमी करून प्रयोग केले. प्राणवायू हुंगताच त्रास थांबे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र २१ टक्केच असते. पण ५५०० मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो. १८७५ मध्ये ‘झेनिथ’ बलूनमधून तिघे आठ हजार मीटरच्या आसपास पोहोचले. जवळ प्राणवायू होता. पण नळीपर्यंत हात नेण्याचेही बळ उरले नाही. दोघे दगावले.

यातून सुटण्याचा मार्ग शरीरातच आहे. काही दिवसांत श्वास खोल होतो, काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. मात्र त्यासाठी वेळ लागतो. १९६२ च्या युद्धात सपाटीवरचे धडधाकट जवान झपाट्याने उंचीवर न्यावे लागले, आणि त्यातील अनेक आजारी पडले. इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये १९२५ जवानांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. जगभर आजही त्यांचा आधार घेतला जातो. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीसाठी एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे (४२४३ मीटर) येथे २७८ पदयात्री तपासले गेले. निम्म्याहून अधिकांना त्रास होता, आणि विमानाने लुक्ल्याला उतरलेल्यांत तो चालत आलेल्यांपेक्षा जास्त आढळला.

म्हणून नियम असा: ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, आणि त्रास वाढला तर खाली उतरावे.

विद्यार्थ्यांबरोबर सहलीचे वेळापत्रक आखताना हे जादा दिवस खर्चाच्या नावाखाली पहिल्यांदा कापले जातात. ते कापू नयेत. दुसरे काहीही वाटेत उसने मिळेल, दिवस मिळणार नाहीत.